गर्भजल काय सांगतें?

सातव्या महिन्यांत जन्मलेलें मूल जगतें, आठव्यांत जन्मलेलें जगत नाहीं, हें वाक्य ज्या घरांतील वडील माणसांच्या तोंडून कधींच ऐकूं आलें नाहीं, असें घर आपल्या समाजांत सांपडणें कठीण. प्रस्तुत लेखकानें तें लहानपणापासून ऐकलें; आणि दुःखाची गोष्ट ही कीं, एकदां स्वतःच्या तोंडानें उच्चारलेंहि.

तो प्रसंग १९८२ सालचा. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. सातवा महिना संपत आला होता. एके दिवशीं सकाळीं तिनें आईला हळूच सांगितलें कीं, अंगावरून थोडें थोडें पाणी जात आहे. वेदना नव्हत्या, ताप नव्हता. आईनें आजीला विचारलें, आजीनें शेजारच्या एका अनुभवी बाईंना विचारलें, आणि स्वस्थ निजून राहिलें म्हणजे पाणी आपोआप थांबेल, असें सर्वानुमतें ठरलें. मी घरांतला शिकलेला मुलगा. मॅट्रिक होऊन, पाठशाळेंत संस्कृताचें अध्ययन करून नुकताच शाळेंत लागलेला. माझें मत विचारण्यांत आलें, तेव्हां "झालेंच तरी सातवाच आहे, आठवा नव्हे," असें सांगून मीं सर्वांचें समाधान केलें. तिसऱ्या रात्रीं तिला थंडी वाजून ताप भरला. पहांटे तालुक्याच्या गांवीं नेलें. मुलगा झाला, पांच तास श्वासासाठीं धडपडला आणि गेला. पुढें घरांत चर्चा झाली ती एवढीच, कीं हिनें पपई खाल्ली असेल, किंवा विहिरीवरून हंडा उचलून आणला असेल.

गेल्या दिवाळींत ती घरीं आली होती. दोघेंच ओटीवर बसलों असतां तिनें एकाएकीं विचारलें, "दादा, त्या पाण्यांत तेव्हां काय होतं रे? शेवटच्या दिवशींचा त्याचा वास मला अजून आठवतो." मजपाशीं उत्तर नव्हतें. माझी एक पुतणी स्त्रीरोगांची डॉक्टर आहे. तिच्याकडे मीं विद्यार्थी होऊन कित्येक रविवार घालविले. तिनें जें समजाविलें व वाचावयास दिलें, तें सुज्ञ वाचकांपुढें ठेवीत आहें. हें विवेचन पुरुषांनींहि वाचावें अशी विनंति आहे. कारण अशा प्रसंगीं गाडी बोलावण्याचा निर्णय बहुधा त्यांच्याच हातीं असतो.

पाणमोट म्हणजे काय?

गर्भ ज्या पातळ पिशवींत वाढतो तिला आपल्याकडे पाणमोट म्हणतात. संस्कृतांत उल्ब आणि जरायु असे दोन प्राचीन शब्द आहेत. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत उल्बानें वेष्टिलेल्या गर्भाची उपमा आहे, ती वाचकांस ठाऊक असेलच. ह्या पिशवींतील पाण्यास गर्भजल म्हणावें. आरंभीं तें बव्हंशीं मातेच्या रक्तांतील द्रवापासून झिरपून येतें. गरोदरपणाच्या उत्तरार्धांत मात्र त्याचा मोठा भाग म्हणजे बालकाचेंच मूत्र असतो. बालक तें पाणी गिळतें, पुन्हां मूत्ररूपानें बाहेर टाकतें, आणि असें हें चक्र रात्रंदिवस चालू राहतें. सुमारें चौतिसाव्या आठवड्यांत त्याचें प्रमाण सर्वांत अधिक, म्हणजे जवळ जवळ ८०० मिलिलिटर असतें. तें बालकास धक्क्यांपासून जपतें, हातपाय हलवावयास जागा देतें, आणि फुप्फुसांच्या वाढीस साहाय्य करतें.

परंतु गर्भजल हें केवळ पाणी नव्हे. त्यांत जंतूंचा नाश करणारीं कित्येक द्रव्यें असतात. आपल्या अश्रूंत आणि लाळेंत जंतुनाशक लायसोझाइम असतें, तेंच येथेंहि आढळतें. थोडक्यांत, पाणमोट ही पहारा असलेली जागा आहे.

परकें असून आपलें

ह्या पहाऱ्याचें महत्त्व कळण्यास एक कोडें समजून घेतलें पाहिजे. बालकाच्या शरीरांतील निम्मा वारसा पित्याकडून आलेला असतो. म्हणजे मातेच्या शरीराच्या दृष्टीनें तें अर्धें परकें. एका मनुष्याची त्वचा दुसऱ्यास लावली तर शरीर ती झिडकारतें. मग नऊ महिने हा अर्धा परका जीव तें कसें सांभाळतें? पीटर मेडावर ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९५३ सालीं हा प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला. रोगप्रतिकारासंबंधींच्या इतर संशोधनाबद्दल त्यास १९६० सालीं मॅकफार्लेन बर्नेट ह्याजबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. पुढील संशोधनानें असें दिसून आलें कीं, मातेची प्रतिकारशक्ति गरोदरपणीं झोंपी जात नाहीं. ती बालकाशीं तह करते, वारेच्या द्वारें व विशिष्ट पेशींच्या साहाय्यानें तो तह पाळते. परंतु बाहेरचा शत्रु आला तर शस्त्र उचलण्यास ती सदैव सिद्ध असते. ह्या तहाचा भंग झाला म्हणजे संकट ओढवतें, आणि त्याची पहिली वार्ता पुष्कळदां गर्भजलांत उमटते.

निरोप्या

ही वार्ता कशी उमटते तें पाहूं. योनिमार्गांत स्वभावतःच नानाविध जंतु असतात. गर्भाशयाचें मुख व तेथील घट्ट श्लेष्म्याचें बूच त्यांना वर जाऊं देत नाहींत. कांहीं कारणानें ही वाट उघडी पडली तर जंतु वर चढतात, पडद्यांपर्यंत पोंचतात, प्रसंगीं पडदे अभंग असतांहि त्यांतून पार होऊन पाण्यांत शिरतात. तेथें पहारेकरी पेशींना त्यांची चाहूल लागते व त्या विशिष्ट प्रथिनें सोडूं लागतात. ह्या प्रथिनांस सायटोकाइन म्हणतात. त्यांतील प्रमुख म्हणजे इंटरल्यूकिन-६. श्वेतपेशींमधील निरोप्या, असा ह्या नांवाचा भावार्थ. ओसाका येथें तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो ह्या जपानी शास्त्रज्ञांनीं १९८६ सालीं ह्या प्रथिनाची जनुकीय ओळख पटविली. लागलीच १९९० सालीं अमेरिकेंतील रॉबर्टो रोमेरो व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखवून दिलें कीं, ज्यांच्या गर्भजलांत जंतूंचा शिरकाव झालेला असतो, त्या स्त्रियांच्या गर्भजलांत हें प्रथिन फार वाढलेलें असतें.

हें प्रमाण किती सूक्ष्म असतें तें पाहा. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोग्रॅम म्हणतात. एक मिलिलिटर गर्भजलांत २.६ नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक इंटरल्यूकिन-६ सांपडल्यास आंत दाह आहे, असें मानण्याचा प्रघात संशोधकांत पडला आहे. ह्याशिवाय पाण्यांतील श्वेतपेशींची संख्या वाढते आणि साखरेचें प्रमाण घटतें. ह्याहि उपयुक्त खुणा होत. ह्या श्वेतपेशी कधीं मातेच्या असतात, कधीं प्रत्यक्ष बालकाच्या. म्हणजे तो इवलासा जीवहि स्वतःच्या रक्षणासाठीं लढत असतो.

येथें एक गोष्ट मनांत पक्की ठसली पाहिजे. पाण्यांत ही खळबळ उडालेली असतांना मातेस ताप नसूं शकतो, वेदना नसूं शकतात, रक्ताच्या तपासणींतहि विशेष कांहीं दिसत नाहीं. बाहेर शांतता आणि आंत वणवा, अशी ही स्थिति. माझ्या बहिणीला दोन दिवस ताप नव्हता, म्हणून आम्हीं सर्वांनीं सुस्कारा टाकला होता.

दाहाचा परिणाम

निरोप पोंचतांच शरीर दोन गोष्टी करतें. एक, प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें निर्माण होऊन गर्भाशय आकुंचन पावूं लागतो. दुसरी, कांहीं पाचकद्रव्यें पडद्यांचे तंतु कुरतडून त्यांना दुर्बळ करतात. पाणमोट फुटते, किंवा कळा सुरू होतात. जणूं शरीर असा निर्णय घेतें कीं, आग लागलेल्या घरांत मूल ठेवण्यापेक्षां तें बाहेर काढावें. सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वींच्या जन्मास अकाल जन्म म्हणतात. २०२० सालीं जगांत सुमारें १ कोटी ३४ लाख बालकें अशीं जन्मलीं, आणि त्यांतील सुमारें ३० लाख आपल्या भारतांत. पांच वर्षांखालील बालमृत्यूंचें सर्वांत मोठें कारण अकाल जन्मांतून उद्भवणाऱ्या व्याधि हेंच आहे. अशा चार जन्मांपैकीं निदान एकाच्या मुळाशीं गर्भाशयांतील जंतुसंसर्ग असतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

दाहाची झळ बालकास लागल्यास त्याच्या फुप्फुसांवर व मेंदूवरहि परिणाम होऊं शकतो. सेऊल येथील वैद्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, ज्यांच्या गर्भजलांत असा दाह होता त्या अकाली जन्मलेल्या बालकांत तिसऱ्या वर्षीं मेंदूजन्य पंगुत्व अधिक आढळलें.

धूर आणि अग्नि

न्यायशास्त्रांत पर्वतावरील धूर पाहून अग्नीचें अनुमान करतात, आणि धुरास 'लिंग' म्हणजे खूण म्हणतात. इंटरल्यूकिन-६ हें असेंच लिंग आहे. परंतु त्यावरून अनुमान कशाचें करावयाचें, हा विवेक ठेविला पाहिजे. त्यावरून दाह सिद्ध होतो. जंतु सिद्ध होतातच असें नाहीं. कित्येक स्त्रियांच्या गर्भजलांत दाह असतो, पण बारकाईनें शोधूनहि जंतु मिळत नाहीं. पेशींना इजा झाली म्हणजे त्या स्वतःच धोक्याची हांक देतात आणि तिच्यामुळेंहि दाह उत्पन्न होतो, असें आतां मानतात. हेतु जर साध्य सोडून अन्यत्रहि आढळला तर तो हेत्वाभास ठरतो, हें तर्कसंग्रह शिकलेल्या मुलासहि ठाऊक असतें.

ही केवळ पांडित्याची बाब नव्हे. जंतु असतीलच असें गृहीत धरून सरसकट औषध दिलें तर काय होतें, ह्याचा धडा इंग्लंडांत मिळाला. तेथील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००१ सालीं प्रसिद्ध झाले. पाणमोट वेळेपूर्वीं फुटलेल्या स्त्रियांस एरिथ्रोमायसिन दिल्यानें बालकांस कांहीं लाभ दिसला. परंतु पाणमोट अभंग असून केवळ कळा येणाऱ्या स्त्रियांस जंतुनाशकांनीं लाभ झाला नाहीं. पुढें २००८ सालीं ह्या दुसऱ्या गटांतील सात वर्षांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हां औषध दिलेल्या गटांत मेंदूजन्य पंगुत्व किंचित् अधिकच आढळलें. म्हणून खूण नीट वाचल्यावांचून उपाय करूं नये, हाच बोध घ्यावयाचा.

पाणी काढून पाहण्याची रीति

गर्भजल तपासण्यासाठीं सोनोग्राफींत पाहत पाहत पोटांतून बारीक सुई घालून थोडेंसें पाणी काढतात. तज्ज्ञाच्या हातीं ही क्रिया बहुतांशीं निर्धोक असली, तरी तींत अल्पसा धोका आहेच. म्हणून ही तपासणी प्रत्येक गर्भवतीची करीत नाहींत व करूंहि नये. अवेळीं कळा येऊं लागल्या, पाणमोट फुटली, किंवा गर्भाशयाचें मुख अकालीं उघडलें, तर मोठ्या रुग्णालयांतील तज्ज्ञ तिचा विचार करतात. सुई न टोंचतां योनिमार्गांतील स्रावावरून अथवा मातेच्या रक्तावरून हीच वार्ता मिळावी, ह्यासाठीं शोध चालू आहेत. परंतु गर्भजलाइतकी विश्वासाची साक्ष त्यांतून अद्याप मिळत नाहीं.

गर्भजल-परीक्षा हा शब्द महाराष्ट्रांत उच्चारतांच पुष्कळांच्या कपाळास आंठी पडते, आणि ती सकारण पडते. ह्याच सुईचा उपयोग आपल्या लोकांनीं मुलगा कीं मुलगी हें जाणण्यासाठीं केला, आणि मुलगी असल्यास पुढें काय केलें, तें सांगावयास नको. त्याविरुद्ध देशांतील पहिला कायदा महाराष्ट्रानेंच १९८८ सालीं केला. केंद्राचा कायदा १९९४ सालीं होऊन १९९६ पासून अमलांत आला. न्यायशास्त्रांतील 'लिंग' म्हणजे खूण सोडून आम्हीं त्या पाण्यास भलतेंच लिंग विचारीत बसलों! जें पाणी माता व बालक ह्यांच्या जीवाची वार्ता सांगूं शकतें, त्याच्याकडून सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांनीं मृत्यूचा निरोप मागितला, ह्याची लाज आपण बाळगली पाहिजे.

वार्ता कळली, मग पुढें काय?

दाह सर्वस्वीं विझविणारें खात्रीचें औषध अजून हातीं आलेलें नाहीं. सेऊल येथील वैद्यांनीं २०१९ सालीं, गर्भाशयमुख अकालीं उघडलेल्या कांहीं स्त्रियांत निवडक जंतुनाशकें एकत्र देऊन गर्भजलांतील दाह शमल्याचें दाखविलें आहे. परंतु तो सर्वांस लागू करण्याजोगा नियम नव्हे. तथापि येणाऱ्या बालकाची तयारी मात्र निश्चित करतां येते.

न्यूझीलंडांतील ग्रॅहॅम लिगिन्स हे मेंढ्यांवर प्रयोग करीत असतां त्यांना आढळलें कीं, स्टिरॉइड दिलेलें व फार अकालीं जन्मलेलें कोंकरूं अपेक्षेबाहेर श्वास घेऊं शकलें. त्यावरून त्यांनीं व रॉस हॉवी ह्यांनीं अकालीं प्रसूत होऊं पाहणाऱ्या स्त्रियांस तें औषध टोंचून पाहिलें आणि १९७२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: बालकांचीं फुप्फुसें लवकर परिपक्व होतात व अधिक बालकें जगतात. २०२० सालीं भारतासह पांच देशांतील रुग्णालयांत झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगानेंहि ह्यास दुजोरा दिला. औषधास आपलें काम करण्यास अवधि लागतो. तो अवधि घरांत बसून दवडला तर औषध असूनहि व्यर्थ. शिवाय फार लवकरच्या प्रसूतींत बालकाच्या मेंदूच्या रक्षणासाठीं मातेस मॅग्नेशियम सल्फेट देतात. माझा भाचा ज्या पांच तासांत गेला, त्याच्या दहा वर्षें आधींपासून पहिलें औषध जगास ठाऊक होतें. आम्हीं दवडलेले दोन दिवस मला म्हणूनच अधिक बोंचतात.

सातवा कीं आठवा?

आतां त्या म्हणण्याविषयीं. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, आठव्या महिन्यांत ओज मातेकडून गर्भाकडे व गर्भाकडून मातेकडे येत-जात असतें, म्हणून त्या महिन्यांतील जन्म संकटाचा, असें सांगितलें आहे. ह्यांत आजचा शोध पाहण्याचा मोह मी धरीत नाहीं. चरकाचार्यांजवळ त्या काळीं जीं साधनें होतीं त्यांवरून त्यांनीं तर्क केला. आठव्या महिन्याचा जन्म धोक्याचा, एवढें खरें; परंतु सातव्याचा त्याहून सुरक्षित, हें सर्वथा खोटें. गर्भांत घालविलेला प्रत्येक आठवडा बालकाचें बळ वाढवितो. अठ्ठाविसाव्या आठवड्यापेक्षां बत्तिसाव्यांत, आणि बत्तिसाव्यापेक्षां छत्तिसाव्यांत जन्मलेल्या बालकाची जगण्याची आशा अधिक. हें म्हणणें घराघरांतून आतां निघून गेलें पाहिजे.

घरांतील माणसांस

गर्भवतीनें अंगावरून पाणी जात असल्याचें सांगितलें, तर तें मूत्र आहे कीं गर्भजल, ह्याचा निकाल घरांत करूं नये. त्याच दिवशीं, त्याच घटकेस डॉक्टरांकडे न्यावें. ताप, पोटांत ठरावीक वेळानें येणारा ताण, कंबरेंत राहून राहून येणारी कळ, ओटीपोटांत जडपणा, रक्त, दुर्गंधियुक्त स्राव, अथवा बालकाची हालचाल मंदावणें, ह्यांपैकीं कांहींहि असलें तरी हाच नियम. शक्यतों नवजात बालकांची सोय असलेलेंच रुग्णालय आधींपासून पाहून ठेवावें. लघवीची तपासणी टाळूं नये. कांहीं त्रास नसतांहि लघवींत जंतु असूं शकतात आणि त्यांवर वेळीं उपाय होऊं शकतो. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, सुनेस अथवा लेकीस ह्या गोष्टी बोलावयास संकोच वाटणार नाहीं असें घर ठेवावें. डोहाळेजेवणास शंभर पानें उठतात, फुलांची वाडी भरतात. पण तिला कांहीं होतें आहे का, हें विचारावयाचें राहून जातें. आणि कांहीं अनिष्ट घडलेंच, तर तिनें काय खाल्लें व काय उचललें ह्याची चौकशी आरंभूं नये. दाह पपईनें होत नाहीं आणि हंड्यानेंहि होत नाहीं.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं बहिणीस वाचून दाखविला. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "म्हणजे हंडा उचलल्यामुळं नव्हतं तर." त्रेचाळीस वर्षें तिनें तो हंडा मनांत वाहिला होता, आणि आम्हांपैकीं कोणासहि त्याची वार्ता नव्हती. मीं तिला सांगितलें कीं, चूक तुझी नव्हती. तूं पहिल्याच दिवशीं सांगितलें होतेंस, ऐकणारे आम्ही होतों.